शनिवारचं वाक्य

खलील सरांच्या क्लासात निळ्या पेनाला बंदी होती. म्हणजे लिहायला खुशाल वापरा, पण वाक्यात आणायचं नाही. ‘माझं पेन निळं आहे’, ‘मांजर टेबलाखाली बसलंय’, ‘राम बाजारात जातो’ असलं काही कुणी उभं राहून इंग्रजीत म्हटलं की सर हातातला खडू खाली ठेवायचे. "बस खाली. कोण हा राम? तुझ्या ओळखीचा आहे? घरी जा आणि घरातलं खरं वाक्य घेऊन ये." पोरं खी खी करून हसायची, आणि पुढच्या वेळी खरंच घरातलं काहीतरी घेऊन यायची.

क्लास कर्जतला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका टायरवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत. खाली हवा भरायच्या मशीनची धडधड, वर इंग्रजी. सर मूळचे चौक गावचे. जुन्या हायवेवर त्यांच्या वडिलांचं पंक्चरचं दुकान होतं, त्यामुळे टायरच्या वासात त्यांना आपल्या घरी असल्यासारखंच वाटायचं. शिकवायचे मात्र झकास, त्यात खोटं बोलायला नको. नेरळ, कळंब, खालापूर, कुठून कुठून पोरं यायची.

त्या आठवड्यात धडा होता ‘व्हिच’ आणि ‘हूम’चा, आणि त्यांच्या आधी बसणाऱ्या प्रिपोझिशनचा. मराठी पोरांचं घोडं इथं हमखास अडतं. आपल्याकडे सगळं शब्दाच्या शेपटीला चिकटलेलं असतं. घरात, विहिरीतून, माणसाशी, गेटवर. ज्या घरात मी राहतो, ज्या माणसाशी मी बोललो. इंग्रजीत हे शेपूट सुटं निघतं आणि पुढं येऊन बसतं. इन व्हिच, विथ हूम, फ्रॉम व्हिच. पोरं ते शेपूट हटकून घरी विसरून यायची. ‘द हाउस व्हिच आय लिव्ह’ असं कुणी म्हटलं की सर डोळे मोठे करून विचारायचे, "इन कुठंय? घरात राहतोस का वळचणीला?"

आणि मग यायचा शनिवार. क्लासाचा रिवाजच होता तसा. शनिवारी प्रत्येकानं एक वाक्य म्हणायचं, त्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य सर मोबाइलवर रेकॉर्ड करायचे आणि क्लासाच्या पेजवर टाकायचे, खाली पोराचं नाव आणि गावाचं नाव. गावातले लोक ते बघायचे, एकमेकांना पाठवायचे. आपली पोरगी फाडफाड इंग्रजी बोलते हे बघून आईबाप खूश, आणि नवीन पोरं क्लासाला यायची ती वेगळीच. सरांना वाटायचं, याच्याइतकी भारी युक्ती आख्ख्या तालुक्यात कुणाला सुचली नसेल.

त्या शनिवारी कळंबची अक्षदा उभी राहिली. कॉलेजात शिकणारी पोर, बोलायला तशी कमीच. बाप पोपट कळंबच्याच एका रिसॉर्टच्या गेटवर वॉचमन. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि एका दमात म्हणाली:

"द वेल फ्रॉम व्हिच माय ग्रँडमदर टुक वॉटर इज नाऊ बिहाइंड द गेट ॲट व्हिच माय फादर स्टँड्स, अँड ही कॅनॉट लेट हर इन."

म्हणजे असं, की ज्या विहिरीतून माझी आजी पाणी भरायची ती विहीर आता अशा एका गेटच्या आत आहे, ज्या गेटवर माझे वडील उभे असतात, आणि त्यांना आजीला आत सोडता येत नाही.

खलील सर जागेवरून उडालेच. "अगं, एका वाक्यात दोन! फ्रॉम व्हिच आणि ॲट व्हिच! ऐकलंत का रे गाढवांनो?" त्यांनी ते फळ्यावर लिहिलं, दोन्ही शेपटांभोवती गोल केले, वर्गाकडून टाळ्या वाजवून घेतल्या. अक्षदाचे डोळे भरून आलेत हे त्यांना दिसलं, नाही असं नाही. पण पहिल्यांदाच एवढं लांब वाक्य जमलं म्हणून भरले असतील, असं त्यांनी धरलं. मोबाइल काढला आणि तिला तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, कारण एकदा खाली मशीन सुरू झालं आणि एकदा तिचा आवाज चिरकला.

"हसून बोल गं जरा," सर म्हणाले. "रडक्या तोंडानं इंग्रजी बोलल्यावर कोण बघेल?"

ती हसून बोलली. सरांनी व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं, अक्षदा, कळंब.

आता कळंबमध्ये ती विहीर कुणाला ठाऊक नाही? नदीकडेच्या त्या जमिनी विकल्या गेल्या तेव्हा विहीरही त्यातच गेली. पाण्याला कुणी अडवणार नाही असं तेव्हा तोंडी ठरलं होतं म्हणे. पुढं भिंत आली, गेट आलं, आणि विहिरीला रंगीत दिवे लागले. शनिवार-रविवारी मुंबईची जोडपी तिच्या काठावर बसून फोटो काढतात. गावातल्या पोरांनी व्हिडिओखाली लगेच रिसॉर्टचं नाव लिहिलं, कुणी गेटचा फोटो चिकटवला, कुणी मालकाला चार शिव्या हासडल्या. रविवारी संध्याकाळपर्यंत व्हिडिओ बघायचा राहिला असा माणूस कळंबात सापडला नसता.

सर घरी जेवायला बसले होते. झिनतनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तांदळाची भाकरी ताटात टाकली आणि फोन वाजला. रिसॉर्टचा मॅनेजर संतोष. दर मंगळवारी सर तिथल्या स्टाफला इंग्रजी शिकवायला जायचे. मोठं गिऱ्हाईक होतं ते, आणि त्याच्या नावावर आणखी दोन रिसॉर्टांशी बोलणं चाललं होतं.

"सर, काय लावलंय हे?" संतोषचा आवाज चढलेला होता. "मालक भडकलेत. आमचं खाऊन आमच्याच वॉचमनची पोरगी आम्हाला जगभर बदनाम करते? हे तुम्ही शिकवलंत तिला?"

आणि खलील सरांच्या तोंडून पटकन गेलं, "छे छे, साहेब! मुलं आपापली वाक्यं घेऊन येतात. मी फक्त व्याकरण बघतो."

एवढंच. फार नाही बोलले. व्हिडिओ काढून टाकतो म्हणाले, तो तिथल्या तिथं काढला, आणि हुश्श करून भाकरीचा तुकडा मोडला. झिनत मात्र समोरून उठेना.

"कुणाची पोर?" तिनं विचारलं.

"आहे एक. वाढ तू."

"खरं घेऊन या, खरं घेऊन या, म्हणून तुम्हीच तर पोरांच्या मागं लागता. आणि आता म्हणता मी फक्त व्याकरण बघतो? अल्लाला तरी घाबरा."

"तुला यातलं काय कळतं गं?" सर खेकसले. आपलं चुकलं की माणूस आधी घरातल्यांवर खेकसतो, तसंच झालं ते. मग गप जेवले. 

मंगळवारी ते स्कूटरवरून रिसॉर्टला पोचले तेव्हा गेटवर पोपट नव्हता. दुसराच कुणी जवान माणूस शिट्टी गळ्यात अडकवून उभा होता, सरांना नाव-गाव विचारायला लागला. पोपट कधी विचारत नसे. लांबूनच स्कूटर ओळखून गेट उघडायचा आणि म्हणायचा, "या सर, पोरगी शिकती ना नीट?" 

"पोपट सुट्टीवर का?" त्यांनी संतोषला विचारलं.

"सुट्टी कसली? काढला त्याला सोमवारीच." संतोष मोबाइलमध्ये बघत म्हणाला. "तुम्हीच म्हणालात ना, पोरीचं स्वतःचं वाक्य. मग घरात हेच बोलत असतील रोज. असला माणूस गेटवर कसा ठेवायचा?"

त्या दिवशी सरांनी काय शिकवलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ‘तुम्हीच म्हणालात ना’ एवढंच कानात वाजत राहिलं. विहीर खिडकीतून दिसत होती. इतके मंगळवार ती तिथंच होती, आणि सरांनी एकदाही तिच्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. आज बघवेना म्हणून ते पाठ करून उभे राहिले, तर समोर स्टाफ. त्यातही निम्मी गावातलीच पोरं, आणि सगळी त्यांच्याकडे टकमक बघत होती. एकानंही पोपटचं नाव काढलं नाही.

अक्षदा सोमवारी क्लासाला आली नव्हती. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. बुधवारी दुपारी सरांनी पोरांना सुट्टी दिली, स्कूटर काढली आणि कळंब गाठलं. वाटेत किती वेळा वाटलं की परत फिरावं. काय तोंड घेऊन जायचं त्या माणसाकडे? दारात उभं करून चार शिव्या देईल, असं मनात आलं, आणि खरं सांगायचं तर त्यानं द्याव्यात असंच सरांना वाटत होतं. निदान हिशेब तरी मिटला असता.

पण पोपटनं शिव्या दिल्या नाहीत. अंगणात बसला होता, सरांना बघून धडपडत उठला. खुर्ची आणली, हातानं पुसली. "या सर, या. तुमी कशाला तरास घेतला? चिमा, च्या ठेव गं!"

चिमा, त्याची बायको, आत गेली. अक्षदा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सर बसले. काय बोलावं याची जुळवाजुळव वाटभर केली होती, ती सगळी विस्कटली. तेवढ्यात पोपटनंच हात जोडले.

"सर, पोरीची चूक झाली. ल्हान हाय, तिला काय कळतंय? तुमच्या क्लासाला बट्टा लागला आमच्यामुळं. साहेब तुमाला पण बोल्ले आसतील."

"अहो पोपटराव, नाही, तुम्ही कशाला..."

"नाय सर, आमाला समजतंय. आता तिला नाय पाठवीत मी. बास झालं इंग्लिस. त्या पनवेलच्या बाजूला कुठं काम बघतो मी, होईल कायतरी."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा माणूस माझी माफी मागतोय! आणि जिच्यामुळं मागतोय असं त्याला वाटतं, ती पोर खाली मान घालून ऐकतेय. ती वर बघत नव्हती. सरांच्या फोनवरच्या बोलण्याचं तिला कळलं असेल का? कळलंच असणार. रिसॉर्टात गावातलीच तर पोरं कामाला.

ओट्याच्या कडेला चंद्राबाई बसली होती, पोपटची आई. तिला कमी ऐकू येत असावं, कारण ती मोठ्यानं बोलली. "मास्तर हाय का यो? मास्तर, मला एक सांगा. आमची पोरगी बोल्ली काय ती? सगळी म्हंतात वंगाळ बोल्ली. मला कोन सांगीत नाय. इंग्लिसमधी बोल्ली म्हंतात."

"गप गं आये," पोपट म्हणाला.

"गप का? मास्तरांना इंग्लिस येतंय ना? सांगा हो तुमी."

आता आली का पंचाईत? सरांनी अक्षदाकडे पाहिलं. तिनं नजर वळवली. मग ते सांगायला लागले, मराठीतून, म्हातारीला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं. "ती म्हणाली, ज्या विहिरीतून माझी आजी पाणी भरायची..." इथवर ठीक गेलं. "ती विहीर आता गेटच्या आत आहे. ज्या गेटवर माझे बाबा उभे असतात." पोपट जमिनीकडे बघायला लागला. "आणि त्यांना..."  फळ्यावर लिहिलेलं, गोल केलेलं, टाळ्या वाजवून घेतलेलं ते वाक्य. त्यात काय म्हटलंय ते त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं, स्वतःच्याच तोंडून. पुढचं त्यांना बोलवेना.

अक्षदानंच ते पुरं केलं. "आणि त्यांना आजीला आत सोडता येत नाय."

म्हातारीनं ते स्वतःशी एकदा म्हणून बघितलं. मग म्हणाली, "आसं बोल्ली व्हय? मग त्यात वंगाळ काय हाय? खरंच हाय ती." आणि नातीकडे हात करून, "इकडं ये गं बाये."

चहा आला. सरांनी कसाबसा घशाखाली घातला आणि उठले. घरी गेले नाहीत. स्कूटर थेट रिसॉर्टच्या गेटवर नेली आणि संतोषच्या केबिनमध्ये शिरून, बसायच्या आधीच बोलून टाकलं.

"साहेब, ते वाक्य पोरीचं नाही. माझं आहे. मी फळ्यावर लिहून दिलं होतं, तिनं फक्त म्हणून दाखवलं."

संतोष त्यांच्याकडे बघतच राहिला. "मग फोनवर का तसं बोललात?"

"घाबरलो," सर म्हणाले. एवढं एकच त्या सगळ्यात खरं होतं.

बघा, खरं बोलायचीही वेळ होतीच की ती. साहेब, वाक्य पोरीचं आहे, त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि खरं बोलली म्हणून तिच्या बापाला काढता कसे, असं त्या केबिनमध्ये ठणकावून सांगता आलं असतं. सरांच्या मनात आलं नसेल का ते? आलं होतं. पण तसं बोलून पोपटची नोकरी परत मिळाली नसती, असं त्यांनी स्वतःला समजावलं. असेलही तसं. संतोषला तर सरांनी सांगितलं तेच हवं होतं. वॉचमन जुना, विश्वासाचा, त्याला घालवून तोही पस्तावला होता. मालकाचं तोंड बंद करायला काहीतरी हवं होतं, ते आयतं चालून आलं.

"मग तेच व्हिडिओत सांगा," तो म्हणाला. "वाक्य तुमचं, गोष्ट काल्पनिक, कुणाशी संबंध नाही. तुमच्या पेजवर टाका. पोपटला उद्या पाठवून द्या. आणि मंगळवारचं आता राहू द्या, सर. मालक ऐकणार नाहीत."

सरांनी तिथंच, गाड्या लावतात तिथं उभं राहून व्हिडिओ केला. हसून बोलले. मंगळवार गेले, त्या दोन रिसॉर्टांची बोलणीही फिसकटली, पण सरांना त्याचं काहीच वाटलं नाही. उलट छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. गुरुवारी पोपट गेटवर उभा आहे असं कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन झिनतला सगळं सांगितलं, जरा ऐटीतच सांगितलं. झिनतनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरीला विचारलंत?"

"तिला काय विचारायचंय? बापाला कामावर घेतलं ना?"

झिनत कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

शनिवारी अक्षदा आली. बापानंच पाठवलं होतं. सगळ्यांच्या आधी आली, सर फळा पुसत होते तेव्हाच. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी फडकं हातातच ठेवून तिला म्हटलं, "ये ये! बरं झालं आलीस. मी वाटच बघत होतो."

ती बाकावर बसली नाही. "सर, बाबांचं काम परत मिळालं. बाबांनी तुमाला नमस्कार सांगितलाय."

"अगं, त्यात काय एवढं."

"आजीनं तो तुमचा दुसरा व्हिडिओ ऐकला. शेजारच्यांनी लावून दाखवला, तो मराठीत होता ना." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आजी विचारत होती, म्हणजे ती तू बोल्ली नव्हतीस? मास्तर बोल्ले होते? तुला काय वाटलं नव्हतं?"

सरांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"मी काय सांगू तिला, सर?"

त्यांना उत्तर देता आलं असतं. सांग की तुझंच होतं, मी खोटं बोललो. पण मग ती म्हातारी अंगणात बसून मोठ्यानं गावभर सांगेल, आणि ते संतोषच्या कानावर जाईल, आणि पोपट पुन्हा... सर हे सगळं मनात मोजत राहिले. जिन्यावर पोरांची पावलं वाजायला लागली. अक्षदानं आणखी थोडी वाट पाहिली, मग आपल्या जागेवर जाऊन बसली.

तास सुरू झाला. एकेक जण उभा राहून वाक्य म्हणू लागला. सरांचं लक्ष नव्हतं, ते हूं हूं करत होते. एकानं शेपूट घरी विसरलं, तेही त्यांनी तसंच जाऊ दिलं. मग अक्षदाची पाळी आली. वर्ग गप्प झाला. आता ही काय बोलते याची सगळ्यांनाच उत्सुकता होती, आणि सरांना धास्ती. काहीही बोल बाई, त्यांच्या मनात आलं, मला शिव्या दे, पण खरं बोल.

ती उभी राहिली. ओढणी नीट केली. आणि स्पष्ट, कुठंही न अडखळता म्हणाली:

"द पेन विथ व्हिच आय राइट इज ब्लू."

मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. सगळी पोरं सरांकडे बघायला लागली. आता सर खडू खाली ठेवणार, बस खाली म्हणणार, घरी जा आणि खरं वाक्य घेऊन ये म्हणणार. अक्षदाही त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनीच शिकवलं होतं तशी, हसऱ्या तोंडानं.

खलील सरांनी खडू घट्ट धरला.

"करेक्ट," ते म्हणाले. "बस."